डब्याएवढा संगणक

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातल्या जुन्या संगणकाच्या पडद्यावर एक सूचना वारंवार येऊ लागली. विंडोज 10 ला 14 ऑक्टोबर 2025 नंतर सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, आता विंडोज 11 कडे वळा, असा तिचा मतलब. वळायला आमची ना नव्हती. पण विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोयही लागते. आमचा संगणक 2016 चा, सहाव्या पिढीचा. आणखी एक वर्ष अपडेट घेण्याची सवलत कंपनीने दिली आहे, असे शेजारच्या मुलाने सांगितले आणि ते खरेही होते. मात्र ऑगस्टमध्ये संगणकाचा मोठा डबा उघडला तेव्हा आत मुंग्यांनी घर केलेले, पंख्याला गंज चढलेला. सफाळ्याची दमट हवा आणि दोन्ही बाजूंनी येणारा खारा वारा, त्यात बिचाऱ्याने नऊ वर्षे काढली हेच खूप. नवा घ्यायचा ठरला.

लॅपटॉपचा विषय आमच्या घरात पहिल्याच संध्याकाळी संपला. थोरली अकरावीत, धाकटा सातवीत. संगणक बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर असावा, हा आमचा जुना नियम. मुलांवर भरवसा नाही म्हणून नव्हे. दार लावून एकट्याने पडद्यात बुडून बसण्याची सवय मोठ्यांनाही चांगली नाही म्हणून. लॅपटॉप आज टेबलावर असतो आणि उद्या पांघरुणात जातो. तेव्हा डेस्कटॉपच. पण जुन्या पेटाऱ्यासारख्या डब्याला जागा नव्हती, कारण त्याच कोपऱ्यात आता अम्मींची खुर्ची आणि जानमाज असते.

मग उरले दोन पर्याय. एक ऑल-इन-वन, म्हणजे पडद्याच्या पाठीतच सगळा संगणक बसवलेला. दुसरा मिनी पीसी, म्हणजे तळहातापेक्षा थोडा मोठा चपटा डबा आणि पडदा वेगळा.

थोरलीने पहिल्या दिवशीच कौल दिला. "ऑल-इन-वन घ्या अब्बू, एकच वायर. कॅमेरा आत, स्पीकर आत. किती सुंदर दिसतो!" अम्मींनाही तोच आवडला. पाहुणे आले की नजर तिकडे जाणार, तेव्हा वायरींचा गुंता दिसू नये, हे त्यांचे म्हणणे. धाकट्याने विचारले, "दादी, इस्तिखारा करू या का?" अम्मी म्हणाल्या, "आधी अल्लाहने दिलेली अक्कल वापर, जाणकारांना विचार. मग बघू."

जाणकार म्हणजे आमचे एक जुने मित्र, संगणक दुरुस्तीचे काम करणारे. त्यांनी सांगितले की सगळे एकाच अंगात बसवण्याची कल्पना काही नवी नाही. 1984 चा पहिला मॅकिंटॉश तसाच होता आणि 1998 च्या आयमॅकने तिला पुन्हा लोकप्रिय केले. चपटे छोटे डबे त्यामानाने अलीकडचे. 2005 मध्ये मॅक मिनी आला, पुढे इंटेलने स्वतःचे छोटे संगणक काढले, आणि मोठमोठ्या कचेऱ्यांनी लेनोवो, डेल, एचपी यांचे असे डबे हजारोंनी घेतले. तीनचार वर्षांनी कचेऱ्या ते बदलतात आणि मग ते साफसूफ होऊन बाजारात येतात. "आतले भाग दोन्हींत बहुतेक लॅपटॉपच्याच जातीचे," ते म्हणाले, "म्हणून वीज दोघांनाही कमी लागते. फरक विकत घेताना कळत नाही, बिघडल्यावर कळतो."

हे वाक्य आम्हाला लगेच पटले, कारण ओळखीच्या एका शाळेत आम्ही ते डोळ्यांनी पाहिले होते. तिथे एक देखणा ऑल-इन-वन आला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात वीज जाऊन जोरात परत आली आणि पडदा काळा झाला. आतला संगणक शाबूत होता, चालू केला की आवाज यायचा. पण त्या मॉडेलचा पडदा मिळेना, आणि मिळाला तर त्याची किंमत ऐकून मुख्याध्यापकांनी फोन ठेवला. आजही तो कपाटावर चादर पांघरून बसलेला आहे. वेगळा पडदा असता तर दुसऱ्या दिवशी दुसरा लावून काम सुरू झाले असते.

आमच्यासाठी मात्र खरी गोष्ट लोकलची. शहरात राहणाऱ्यांना हे कदाचित लक्षात येणार नाही. सफाळ्यात मोबाइल दुरुस्त होतो, छोटीमोठी कामे होतात. पण नीट सर्व्हिस सेंटर म्हटले की विरारच्या बाजूला जायचे किंवा पालघर-बोईसर गाठायचे. चोवीस इंची ऑल-इन-वन म्हणजे पाचसहा किलोंची काच. ती छातीशी धरून सकाळच्या डहाणू लोकलमध्ये शिरायचे, वैतरणा ओलांडून विरारला उतरायचे आणि पुलाच्या गर्दीतून बाहेर पडायचे! आम्ही हे दृश्य घरात करून दाखवले, उशी छातीशी धरून. थोरली हसली, पण तिथेच तिचा पक्ष डळमळला. मिनी पीसी साधारण सव्वा किलोचा, लांबीरुंदी अठरा-अठरा सेंटिमीटर, जाडी साडेतीन. आमच्या शाळेच्या डब्याच्या पिशवीत तो भाकरीच्या डब्याशेजारी बसतो. नंतर खरोखर बसवूनही पाहिला.

दुसरी गोष्ट पैशाची. आम्ही बारा शिक्षक मिळून महिना तीन हजारांची भिशी चालवतो आणि ऑक्टोबरचा क्रमांक आमचा होता. म्हणजे हातात छत्तीस हजार. पसंत पडलेला ऑल-इन-वन अठ्ठेचाळीसचा. दुकानदार म्हणाला, वरचे बारा हजार बिनव्याजी हप्त्यांवर करून देतो. आम्ही कागद मागून वाचला. तिथे बँक व्याज लावतच होती. दुकान तेवढी सूट किमतीत देणार होते, आणि त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आमच्या माथी. याला सूद म्हणायचे की नाही, यावर आलिमांची मते आम्ही इथे मांडत बसणार नाही. तो आमचा अधिकार नाही. पण ज्या कागदावर व्याज हा शब्द छापलेला आहे त्यावर संगणकासारख्या गोष्टीसाठी सही करावी, असे आमचे मन झाले नाही. मुलीचे शिक्षण किंवा कुणाचे ऑपरेशन अडले असते तर गोष्ट वेगळी. इथे फक्त वायरी दिसू नयेत म्हणून बारा हजार.

दिवाळीच्या सुट्टीत लॅमिंग्टन रोडला गेलो. विरारला गाडी बदलली, दादरला स्लो पकडली, ग्रँट रोडला उतरून पूर्वेला चालत. त्या रस्त्यावर दहा दुकाने फिरल्याशिवाय पाकीट उघडायचे नाही, हा मित्राचा सल्ला. त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिले होते: प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा, त्याखालचा कितीही स्वस्त मिळाला तरी नको, रॅम आठ जीबी, आणि दुसरी पट्टी बसवायला खाच मोकळी, डिस्क एसएसडी, अ‍ॅडॉप्टर मूळ कंपनीचा, आणि दुकानातच चालू करून विंडोजचे अ‍ॅक्टिवेशन पाहायचे.

शेवटचा मुद्दा आमच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. जुन्या संगणकावर काय काय होते ते सांगायला आता लाज वाटते. विंडोजपासून उर्दूच्या इनपेजपर्यंत सगळे कुणीतरी सीडीवरून टाकून दिलेले. त्या काळी कुणी विचारतही नसे. पण यंदा वर्गात कॉपी करणाऱ्या मुलाला आम्ही रागावलो, ते घरी सांगितले, आणि धाकटा सहज म्हणाला, "मग आपला इनपेज विकतचा आहे का?" अम्मी तसबीह थांबवून आमच्याकडे पाहू लागल्या. उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला. म्हणून ठरवले की नव्या यंत्रात एकही चोरीची वस्तू जाणार नाही. कचेरीतून आलेल्या या मिनी पीसींना विंडोजचा परवाना बहुधा यंत्राच्या चिपमध्येच नोंदलेला असतो, त्यामुळे तो प्रश्न सुटला. लिहिण्यासाठी लिबरऑफिस, ते फुकट आणि कायदेशीर.

हिशेब असा झाला. मिनी पीसी 15,500, चोवीस इंची पडदा 7,800, कीबोर्ड-माउस 900, कॅमेरा 1,300, छोटे स्पीकर 500, यूपीएस 3,200. एकूण 29,200. यूपीएसवर आम्ही काटकसर केली नाही. सफाळ्याच्या पावसाळ्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो आणि चालू यंत्राची वीज अचानक जाणे कोणत्याच संगणकाला मानवत नाही.

रात्री नऊला घरी पोचलो, सगळे उत्साहाने जोडायला बसलो आणि अडलो. आमच्या मिनी पीसीला मागे डिस्प्लेपोर्टची खाच, पडद्याला एचडीएमआयची. दोन्ही वस्तू नव्या वाटणाऱ्या, पण एकमेकींची भाषा येईना. गावातली दुकाने बंद. थोरली काही बोलली नाही, पण ऑल-इन-वनमध्ये हा प्रकार नसता, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी पालघरहून 400 रुपयांची वायर आणली. घेताना खाचा जुळवून पाहाव्यात, एवढे साधे चिठ्ठीत नव्हते आणि आमच्या डोक्यातही आले नाही.

आता या सगळ्याचे मूळ कारण सांगतो, जे आतापर्यंत मागे राहिले. अब्बांच्या चार वह्या आहेत. ते शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी गावच्या आठवणी, जुन्या माणसांची हकिकत, उर्दूत लिहून ठेवली. खाऱ्या हवेने शाई फिकट होत चालली आहे. एका वहीच्या कडा आता बोटाला चिकटून येतात. अम्मींची इच्छा एकच, की त्यांचे डोळे आहेत तोवर त्या वह्या छापील अक्षरांत वाचाव्यात. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे व्हायचे आहे.

मराठी टंकणे सोपे आहे. नस्तालीक तसे नाही. त्यात शब्द उजवीकडून डावीकडे जाताना उतारावरून खाली उतरतो, अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर बसतात. म्हणूनच उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिबांच्या हातानेच लिहिली जात. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने हजारो जोडशब्द यंत्रात बसवले तेव्हा कुठे मार्ग निघाला, आणि 1994 च्या इनपेजने तो घराघरांत नेला. आता युनिकोडमध्ये नोटो नस्तालीकसारखे फुकट फॉन्ट आहेत. पण या लिपीला ओळीला उंची फार लागते. लहान पडद्यावर आठदहा ओळी दिसतात, त्या अम्मींना वाचता येत नाहीत. चोवीस इंचांवर, अक्षर बावीसच्या मापाने ठेवून, त्यांना खुर्चीत बसून वाचता आले. उद्या त्यांना आणखी मोठे हवे झाले तर पडदाच बदलू, डबा तोच राहील. खरे तर निर्णय इथेच झाला होता. बाकीची कारणे आम्ही नंतर गोळा केली.

नुकसानही झाले, ते लपवणार नाही. पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये आहेत आणि त्या नव्या यंत्रात सरळ उघडत नाहीत. बऱ्याच पुन्हा टंकाव्या लागणार. शिवाय जास्त काम दिले की डब्याचा पंखा चांगलाच आवाज करतो, आणि वायरी तर दिसतातच. थोरलीने त्या काळ्या पट्टीने टेबलाच्या पायाला बांधल्या आहेत. भिशीतले 6,400 उरले, ते दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवले.

मगरिबनंतर रोज अर्धा तास वह्यांचे काम चालते. अम्मी वहीतले पुसट शब्द ओळखून सांगतात, थोरली टंकते, आम्ही नुक्ते तपासतो. एके ठिकाणी अब्बांचे अक्षर कुणालाच लागेना. अम्मींनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "हा शब्द नाही. इथे त्यांनी पेन झटकलंय." पहिली वही संपत आली आहे, तीन बाकी.

परवा अम्मींनी डब्यासाठी क्रोशाचे झाकण विणले, फिक्या हिरव्या दोऱ्याचे. ते घातल्यावर दहा मिनिटांत पंखा घोंघावू लागला, कारण हवेची भोके झाकली गेली. धाकट्याने समजावून सांगितले. अम्मींनी झाकण काढून घेतले, चष्मा लावला आणि भोके कुठे कुठे आहेत ते बोटाने चाचपून पाहिले. आता त्या बाजूचे टाके उसवून तिथे जाळी विणत आहेत.