परतीचा प्रवासही प्रवासच

सहलीला जायचे ठरले की जाण्याचा विचार आपण चार-चार दिवस करतो. डबे, चादरी, मुलांचे स्वेटर, अम्मीच्या गोळ्या, कुठे उतरायचे, काय पाहायचे, सगळे ठरते. परतीबद्दल मात्र एकच वाक्य असते, "मग काय, निघू आणि घरी येऊ." तोवर कपडे बॅगेत कसेही कोंबलेले असतात, पैसे संपत आलेले असतात, मुले कंटाळलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी शाळा, दुकान, ड्यूटी डोळ्यांसमोर असते. सगळ्यात जास्त थकलेल्या शरीराने सगळ्यात जास्त घाई आपण याच प्रवासात करतो.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सात जण नागपूरला गेलो होतो. अम्मी-अब्बा, आम्ही दोघे, माझे दीर आणि दोन मुले. अजब बंगला, रमण विज्ञान केंद्र, रामटेकचा गड, खिंडसीचा तलाव, सगळे मनसोक्त पाहिले. चौथ्या दिवशी जोहरची नमाज अदा करून अकोल्याकडे निघालो. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. गाडी चारही दिवस दीरच चालवत होते.

हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५३, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही 'सहा नंबर'. कोंढाळी, कारंजा, तळेगाव मागे पडतात आणि तिवस्याच्या अलीकडे वर्धा नदीचा पूल येतो. ही नदी म्हणजे वऱ्हाडची जुनी वेस. अब्बा मुलांना सांगू लागले की पंधराव्या शतकाच्या शेवटी फतहुल्लाह इमादुल्मुल्कने एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, इमादशाही उभी केली आणि १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीत गेली. पुढे हैदराबादचे निजाम आले, इंग्रज आले. पूल ओलांडला तसे अम्मी म्हणाल्या, "चला, आपल्या मुलखात आलो." दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, तूर उभी होती, वेचणीच्या बाया गाठोडी बांधून बांधावर बसल्या होत्या.

नागपूरहून अकोला पश्चिमेला आहे. दुपारी निघालेल्या गाडीच्या काचेवर सूर्य अगदी समोरून येतो. मोझरीजवळ असरसाठी थांबलो तेव्हा दिरांचे डोळे लाल झाले होते. अमरावती येईपर्यंत मगरिब झाली. बडनेऱ्याच्या बाजूला एका टपरीवर चहा घेतला आणि तिथेच प्रश्न उभा राहिला. पुढे जायचे की अमरावतीत मुक्काम करायचा? अब्बांची बहीण अमरावतीतच राहते. घरात सगळे तिला फुफीच म्हणतात.

दीर म्हणाले, "भाभी, दीड-दोन तासांत घरी पोहोचतो. सकाळी सातची ड्यूटी आहे. रोड तर एक नंबर झालाय."

रस्त्याचे म्हणणे खरेच होते. अमरावती-अकोला म्हणजे वर्षानुवर्षे खड्डे, धूळ आणि अर्धवट काम. जून २०२२ मध्ये याच टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. काम रात्रंदिवस चालले होते.

चहावाला आमचे बोलणे ऐकत होता. म्हणाला, "भाऊ, पहिले खड्डे जागं ठेवत होते. आता रोड चांगला हाये, म्हणूनच झोप लागते. घाई काऊन करता?"

अब्बांनी दिरांकडे पाहिले आणि १ जुलै २०२३ ची आठवण दिली. त्या रात्री एक-दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. मग ते शांतपणे म्हणाले, "बेटा, असरची नमाज दोनच रकात का अदा केली?"

या प्रश्नातच उत्तर होते. मुसाफिराला कसरची सवलत आहे आणि ती स्वतःच्या गावाच्या वस्तीत शिरेपर्यंत कायम राहते. शरीअतच्या हिशेबात बडनेऱ्यालाच काय, अगदी बोरगाव मंजूलाही आपण मुसाफिरच असतो. आपण मात्र घर जवळ आले की प्रवास संपला असे धरून चालतो. प्रवास म्हणजे यातनेचा एक तुकडा आहे आणि काम झाले की माणसाने लवकर घरच्यांकडे परतावे, अशा अर्थाची हदीस आपल्याला पाठ असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांना प्रवासाहून अचानक रात्री घरी येऊन थडकणे पसंत नव्हते, हे मात्र आपण विसरतो. आपल्या शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही शिकवणही त्यांचीच.

दिरांनी फोन करून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. त्या अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार होता आणि ते त्यांना जड गेले, हे दिसतच होते. फुफीच्या घरी गरम भाकरी, वांग्याची भाजी आणि अंथरुणे तयार होती. दीर जेवता जेवताच पेंगू लागले. ते पाहिल्यावर कुणाला काही बोलायची गरज उरली नाही.

सकाळी फजर करून निघालो. आता सूर्य पाठीशी होता आणि रस्ता स्वच्छ दिसत होता. मूर्तिजापूर आले तसे अब्बांनी शकुंतलेची गोष्ट काढली. कापसासाठी इंग्रज कंपनीने घातलेली ही अरुंद रुळांची गाडी एकीकडे यवतमाळला, दुसरीकडे अचलपूरला जायची. आता ती बंद आहे. मुलीने तिथल्या बोअरचे पाणी चाखले आणि तोंड वाकडे केले. हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचे पाणी खारट निघते, म्हणून प्यायचे पाणी सोबत ठेवावे लागते. कुरणखेडला काटेपूर्णा ओलांडली, बोरगाव मंजू गेले आणि नऊच्या आत अकोल्यात होतो. रात्रीच्या अंधारात यातले काहीच दिसले नसते.

मोहल्ल्यात शिरल्यावर दिरांनी गाडी आधी मशिदीपाशी थांबवली. प्रवासाहून आल्यावर तिथे दोन रकात अदा करणे ही सुन्नत आहे.

सुट्टीचे दिवस मोजताना एक दिवस परतीसाठी वेगळा ठेवा. चालवणाऱ्याला आदल्या रात्री पुरेशी झोप मिळू द्या, वाटेत कोणाकडे थांबता येईल ते आधीच ठरवा आणि घरी वाट पाहणाऱ्यांना सांगून टाका, "आम्ही उद्या सकाळी येऊ." ते एक रात्र आनंदाने वाट पाहतील.