नगर, पाण्याच्या वाटेनं

बहात्तरच्या दुष्काळात जिल्ह्यातली घरंच्या घरं उठली आणि पोट भरेल तिथं गेली. कुणी मुंबई गाठली, कुणी पुणं. हिवरे बाजार गावातलं आमचं घर नगरला आलं. वडील आडते बाजारात हमाली करायचे, आई चार घरची धुणीभांडी. माझं सगळं बालपण नालेगावातल्या एका वाड्यात, दोन खोल्यांत गेलं. नव्वदच्या दशकात गावाला पाणी आलं तसे आम्ही परत गेलो. आता ज्वारी, कांदा आणि दूध यांवर घर सुखात चालतं. पण नगरची ओढ काही सुटत नाही. कांद्याची पट्टी घ्यायला, दवाखान्याला येणं होतंच, पण ते घाईचं. या खेपेला काही काम नसताना आलो, नुसतं हिंडायला.

जखणगाव, टाकळी खातगाव मागं टाकून कल्याण रस्त्यानं शहरात शिरताना सीना लागते. १४९० मध्ये निजामशाहीच्या मलिक अहमदनं हिच्याच काठी शहर वसवलं. आज तिच्यातून शहराचं सांडपाणी वाहतं. लहानपणी पुलावरून जाताना मी वाकून पाणी बघायचो. आताही सवयीनं वाकलो आणि वाईट वाटलं.

आमचा वाडा पडून तिथं चार मजली इमारत उभी राहिली आहे. कोपऱ्यावरचं नळकोंडाळं मात्र अजून आहे. नळ कोरडा, तोटी गेलेली, पण खालचा काळा दगड तोच. हंडे ठेवून ठेवून त्याला तीन खळगे पडले आहेत, मधला सगळ्यात खोल. पहाटे तीनला नंबर लावून आई इथं बसायची, मी तिच्या पदराला धरून पेंगायचो. त्या मधल्या खळग्यात बोटं घातली तर ती पेरापर्यंत आत गेली.

समोरच्या मावशी दारातच होत्या. "हिवऱ्याचा पोरगा ना तू? आई कशीय रे?" आणि पाठोपाठ, "पाणी आहे ना गावाला?" चहा होईस्तोवर मी त्यांना सांगत बसलो. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, डोंगरावर सलग समतल चर खणले, गावानं श्रमदान केलं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटरचा आमचा पाऊस, तोही दगा देणारा. तो मोजायचा, विहिरींची पातळी बघायची आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पहिला वाटा माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा, उरेल त्यावर पिकं ठरवायची. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. मावशी ऐकून म्हणाल्या, "आमच्याकडं कोण मांडतंय बाबा हिशेब. नळ आला की भरून घ्यायचं."

तिथून दिल्ली गेट, चितळे रोड. जिल्हा वाचनालयाच्या पायरीवर थोडा टेकलो. वाचनाचं वेड मला इथंच लागलं. कापड बाजार, मोची गल्ली नेहमीसारखी गजबजलेली, तिथं फार रेंगाळलो नाही. भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकडेनं बराच वेळ चाललो. १९४२ ते ४५ या काळात नेहरू इथं कैदेत होते, 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी इथंच लिहिलं. इथल्या दगडगोट्यांच्या जमिनीत ते बागही करायचे. आमच्या डोंगरावर चर खणताना कुदळीला येणारा खणखणाट मला ठाऊक आहे, म्हणून लिहिण्याइतकंच त्या बागेचंही मला मोल वाटतं.

दुपार गेली ती फराहबागेत. मुर्तझा निजामशाहाच्या काळात, १५८३ मध्ये पुरा झालेला हा अष्टकोनी महाल तळ्याच्या मधोमध बांधला होता. चुन्याच्या गिलाव्यातले कोनाडे अजून रेखीव आहेत. बाहेर आलं की चहूबाजूंनी वाळकं गवत. पण जमिनीचा खोलगटपणा लपत नाही. पाणी कुठवर असेल ते गवताच्या कडेनं फिरताना कळतं.

हे पाणी आणलं कुठून? निजामशाहीतल्या माणसांनी कापूरवाडी, वडगाव अशा आजूबाजूच्या गावांकडून जमिनीखालून खापरी नळ टाकले होते. भाजलेल्या मातीचे ते नळ, आणि जोर फक्त उताराचा. ना पंप, ना वीज. डोंगरावर चर आखताना पाणी कुठं थांबेल हे आम्ही ज्या नजरेनं बघतो, तीच नजर या लोकांची होती. पर्जन्यछायेतल्या कोरड्या माळावर त्यांनी राजधानी उभी केली ती चढउतार ओळखून. आज नगरचं पाणी मुळा धरणातून येतं. धरण हवंच, त्याशिवाय एवढं शहर जगणार नाही. पण नळाला पाणी आलं म्हणजे प्रश्न मिटला, असं धरून बसलेल्या शहराची मला काळजी वाटते. दुष्काळात ज्यानं आम्हाला पदरात घेतलं, त्या शहराला पाण्यासाठी दुसऱ्याकडं बघावं लागू नये.

नगरकरांनो, कागदावर आता अहिल्यानगर, तुमच्याकडं एक गोष्ट मागतो. आपल्या वॉर्डात पाऊस किती पडला, गच्च्यांवरून किती वाहून गेला, आपण वापरलं किती, एवढं एकदा मांडून बघा. खापरी नळांचं जे काही शिल्लक आहे ते बुजवू देऊ नका. आणि हिशेब कसा मांडतात ते बघायचं असेल तर हिवरे बाजारला या. रस्ता सतरा किलोमीटरचाच आहे.