गालबोट

माझ्या वरच्या ओठाच्या जरा वर, डावीकडे, मोहरीएवढा तीळ आहे. पासपोर्टच्या अर्जात ओळखीची खूण विचारतात, तिथं मी तोच लिहिला होता. म्हणजे सरकारदरबारी मी या तिळावरून मी आहे.

मागच्या वर्षी आईनं लग्नाच्या बायोडेटासाठी स्टुडिओत जाऊन फोटो काढायला लावला. फोटो हातात आला तेव्हा चेहरा माझाच होता, तीळ नव्हता. स्टुडिओवाला म्हणाला, "मॅडम, क्लीन करून दिलाय. त्याचे वेगळे पैसे नाहीत." आई म्हणाली, "छान आलाय गं." खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तसंच वाटलं.

यात गंमत अशी की हेच पुसायचं काम मी पगार घेऊन करते. आमच्या कंपनीच्या फोटो ॲपमध्ये चेहरा 'साफ' करणारं एक बटण आहे. त्यामागचं लॉजिक साधं आहे: त्वचेचा भाग ओळखायचा, त्यात आजूबाजूपेक्षा गडद, लहान, गोलसर ठिपके शोधायचे आणि शेजारच्या त्वचेचे पिक्सेल घेऊन ते बुजवायचे. पुटकुळी कोणती आणि तीळ कोणता, हे त्या कोडला कळत नाही. कळावं असं आम्ही कधी लिहिलंच नव्हतं. त्या ठिपक्यांच्या यादीला मीच नाव दिलं होतं: 'डिफेक्ट्स'.

त्या रात्री मी तिळांबद्दल वाचत बसले आणि थेट सतराव्या शतकात पोचले.

तेव्हा फ्रान्स-इंग्लंडमधले फॅशनेबल लोक चेहऱ्यावर खोटे तीळ चिकटवायचे. काळं रेशीम, तफेता किंवा मखमल घ्यायची, गोल, चांदणी, चंद्रकोर असे आकार कापायचे आणि गोंदानं गालावर लावायचे. फ्रेंचमध्ये त्यांना 'मूश' म्हणत. मूश म्हणजे माशी! काळ्या ठिपक्यामुळे पांढरा रंग फासलेला चेहरा आणखी गोरा दिसायचा. शिवाय देवीचे व्रण झाकायलाही ते उपयोगी पडत. देवीची लस १७९६ साली आली. त्याआधी असे व्रण घराघरांत असायचे. म्हणजे डाग लपवायला लोक डागच लावत होते. आमच्या ॲपच्या बरोबर उलटं.

१६५० मध्ये इंग्लंडच्या संसदेत या टिकल्यांविरुद्ध विधेयक मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. दहाच वर्षांनी, १६६० मध्ये, सॅम्युअल पेपिस डायरीत लिहितो की आज बायकोला पहिल्यांदा टिकली लावायची परवानगी दिली आणि ती सुंदर दिसत होती. चेहरा तिचा, परवानगी याची. १६६४ मध्ये त्याच्या स्वतःच्या तोंडावर फोड आले, तेव्हा त्यानं मोठी काळी टिकली लावली. त्यासाठी कुणाची परवानगी लागल्याची नोंद नाही.

मला सगळ्यात आवडली ती रोझालिंडा. १७११ मध्ये जोसेफ ॲडिसननं 'स्पेक्टेटर'मध्ये एक खुसखुशीत लेख लिहिला होता. त्यात ऑपेराला आलेल्या बायका पक्षाप्रमाणे टिकल्या लावतात: व्हिग पक्षाच्या कपाळाच्या उजव्या बाजूला, टोरी डाव्या. रोझालिंडा कट्टर व्हिग, पण तिचा खराखुरा, सुंदर तीळ नेमका टोरींच्या बाजूला! त्यामुळे लोकांचा घोळ होतो. आमच्या भाषेत फॉल्स पॉझिटिव्ह. बाकीच्या बायका घरी जाऊन टिकली काढू शकत होत्या. रोझालिंडा काय काढणार?

विसाव्या शतकात तीळ पुन्हा मिरवला गेला. मेरिलिन मन्रोचा झाला, मग सिंडी क्रॉफर्डचा. सिंडीनं अनेकदा सांगितलंय की लहानपणी बहिणी तिला त्यावरून चिडवायच्या. पुढं तोच तीळ तिची ओळख बनला. तीळ तोच, बघणारे बदलले.

आपल्याकडं तर एका शब्दातच हे सगळं आलंय. बाळाला नजर लागू नये म्हणून काजळाचा ठिपका लावतो, ते गालबोट. आणि मिरवणुकीत दगडफेक झाली की पेपरात छापून येतं, 'मिरवणुकीला गालबोट'. माया तीच आणि डागही तोच.

सोमवारी मी टीम लीडला म्हटलं, "तीळ आपोआप पुसायला नको."

"युजर्सची तक्रार नाहीये," तो म्हणाला.

"पुसलेलं दिसतच नाही, तर तक्रार कोण करेल?"

आमचं बरंच वाजलं. शेवटी एवढं ठरलं की ॲप ठिपक्यांभोवती नुसतं वर्तुळ काढेल आणि ज्यावर टॅप कराल तेवढाच ठिपका पुसेल. कुणाला तीळ नको असेल तर नको, पण ते त्यानं ठरवावं. जाता जाता मी 'डिफेक्ट्स'चं नाव बदलून 'स्पॉट्स' केलं. रिव्ह्यूमध्ये त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही.

बायोडेटाला मी मूळ फोटो लावला. आई कुरकुरली. पंधरा दिवसांनी एका स्थळाकडून तिच्या व्हॉट्सॲपवर विचारणा आली: मुलीच्या ओठावर तो डाग कसला?

आईनं चष्मा लावला. एका बोटानं, सावकाश टाइप केलं: 'डाग नाही. तीळ आहे. जन्मापासून.'

मग मला न विचारता तिनं तोच फोटो पुन्हा एकदा पाठवला.