हार घातलेल्या गाड्या

आमच्या हॉस्टेलमध्ये कोणी विचारलं, "गाव कुठलं रे?" तर मी सांगतो, "लेण्याद्री." लगेच पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे अष्टविनायकातलं? पायऱ्या किती आहेत रे?" तीनशेच्या आसपास आहेत. खरं तर आमचं घर गोळेगावच्या शिवारात, डोंगराच्या पायथ्याशी. पायऱ्यांच्या सुरुवातीला आईचं छोटंसं दुकान आहे. काकडी, पेरू, लिंबू सरबत, आणि माकडांपासून पिशवी सांभाळायचा फुकट सल्ला! शाळेला सुट्टी असली की मी तिथं बसायचो. वर गिरिजात्मजाला जाणारी माणसं मोजायचा मला कंटाळा यायचा, म्हणून मी पार्किंगमधल्या नव्या गाड्या मोजायचो. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. जुन्नर, आंबेगाव भागातली माणसं नवी गाडी घेतली की आधी गणपतीला आणतात. त्यातही माझा जीव मालाच्या गाड्यांवर. छोटा हत्ती, पिकअप, ४०७, कधीतरी दहा चाकी ट्रक.

मित्रांनो, इंजिनिअरिंगला आल्यावर मला कळलं की मी लहानपणी नकळत एक 'इंडेक्स' चालवत होतो!

माझा आणि छोट्या हत्तीचा जन्म एकाच वर्षातला, २००५. त्याची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. २०००-०१ साली मालवाहू गाड्यांचा बाजार असा बसला की तेव्हाच्या टेल्कोला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. त्याआधी कंपनीच्या इतिहासात तोटा हा शब्दच नव्हता. मोठ्या ट्रकची मागणी कारखाने, खाणी, बांधकाम यांच्याबरोबर झोपाळ्यासारखी वरखाली होते, तेव्हा मंदीतही थोडी तग धरेल अशी लहान गाडी हवी, असा विचार पुढे आला. गिरीश वाघ या तरुण अभियंत्याच्या नेतृत्वाखाली पुण्यात टीम बसली आणि दोन सिलिंडरचं, ७०० सीसीचं डिझेल इंजिन घेऊन टाटा एस आली. तीनचाकीवाल्याला चारचाकीचा मान मिळाला. लोकांनी तिचं नाव 'छोटा हत्ती' करून टाकलं.

नावावरून आठवलं. आपण मराठी माणसं कुठल्याही मालाच्या गाडीला 'टेंपो' म्हणतो, तो शब्दसुद्धा एका कंपनीचा आहे. जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या सहकार्यानं १९५८ साली बजाज टेम्पो सुरू झाली, तिच्या तीनचाक्या रस्त्यावर आल्या आणि शब्द आपल्या तोंडात बसला. आकुर्डीची ती कंपनी २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली, तरी आमचे अण्णा अजून "टेंपो घेऊन चाललोय" असंच म्हणतात. आणि त्यांचा टेंपो आहे टाटाचा ४०७!

४०७ बाजारात आली १९८६ मध्ये. त्या काळात जपानी कंपन्यांच्या सहकार्यानं चार नव्या हलक्या गाड्या देशात आल्या होत्या : डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी आणि ऑल्विन निस्सान. दिसायला देखण्या होत्या. पण आपला रस्ता, आपला लोड आणि आपला मिस्त्री यांचा विचार करून पुण्यात बनवलेली ४०७ त्या सगळ्यांना पुरून उरली. आमच्या सरांनी 'डिझाईन फॉर युजर' शिकवताना कुठल्याशा मिक्सरचं उदाहरण दिलं, तेव्हा मला उठून ४०७ म्हणावंसं वाटलं होतं. धीर झाला नाही.

आमची ४०७ अण्णांनी २००९ मध्ये घेतली. नवी नव्हे, दोन वर्षं वापरलेली. तोपर्यंत ते दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. २००८-०९ मध्ये जगभर मंदी आली. आदल्या वर्षी देशात सुमारे ४.९ लाख व्यापारी वाहनं विकली गेली होती, ती ३.८४ लाखांवर आली. भाडं मिळेना, हप्ते थकले, आणि फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्यांनी यार्ड भरली. अशाच एका यार्डातून अण्णांना ती स्वस्तात मिळाली. काचेवर वरच्या बाजूला रंगानं 'सोनाली' लिहिलेलं होतं. आमच्या घरात कोणी सोनाली नाही. मी पाचवीत असताना विचारलं, "अण्णा, सोनाली कोण?" ते म्हणाले, "ज्याची गाडी होती त्याची पोरगी असंल." "मग पुसा ना." "राहू दे. गाडी तिच्या नावानं आलीय." एवढंच. ते नाव आजही आहे.

त्या गाडीनं आमचं घर चालवलं. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोची कॅरेट भरायची, ताडपत्री ओढायची, दोर आवळायचा आणि रात्री वाशी मार्केट गाठायचं. वीस किलोचं एक कॅरेट. शंभर कॅरेट म्हणजे दोन टनांच्या वर. तसा हा मुलूखच मालवाहतुकीचा. नाणेघाटातून सातवाहनांच्या काळात बैलांचे तांडे कोकणात उतरायचे. घाटाच्या तोंडाशी जो दगडी रांजण आहे तो जकातीचा, असं सांगतात. अण्णा म्हणतात, "तव्हा रांजण होता, आता फास्टॅग. द्यायचं काही सुटलं नाही."

माझ्या मोजणीत सगळ्यात जास्त हार दिसले ते २०१८ साली. तेव्हा मी आठवीत होतो. कुठल्याही चतुर्थीला पार्किंगमध्ये चार-पाच नवे टेंपो असायचेच. आता आकडे पाहिले तर बरोबर जुळतं. २०१८-१९ मध्ये देशात व्यापारी वाहनांची विक्री पहिल्यांदाच १० लाखांच्या पुढे गेली. आमच्या शेजारच्या तात्यांनीही त्याच साली नवा टेंपो घेतला. पेढे वाटले, काचेवर मुलीचं नाव घातलं, आणि आईच्या दुकानातून पहिला नारळ नेला.

पण त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या होत्या, त्या पायथ्याच्या पार्किंगमधून दिसत नव्हत्या. जुलै २०१८ मध्ये सरकारनं ॲक्सल लोडची मर्यादा वाढवली. दहा चाकी ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. गाडीचं स्वतःचं वजन तेवढंच, म्हणजे वाढलेले साडेतीन टन सगळे मालाचेच. तेवढाच माल वाहायला आता कमी गाड्या पुरणार, हे साधं गणित आहे. आणि सप्टेंबरमध्ये आयएलएफएस कोसळली, तशी फायनान्स कंपन्यांची कर्जं आटली. पाठोपाठ एप्रिल २०२० पासून बीएस-६ येणार, म्हणजे गाडी महागणार, म्हणून जो तो थांबला. त्यात कोरोना. २०१९-२० मध्ये विक्री ७.१७ लाखांच्या घरात आली आणि २०२०-२१ मध्ये ५.६८ लाखांवर. दोन वर्षांत जवळजवळ निम्मी!

आकडा वाचायला सोपा आहे. माझे चुलते भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर होते. ट्रकच्या चासीला लागणाऱ्या ब्रॅकेटचं काम. तीन शिफ्टच्या दोन झाल्या, दोनाची एक, आणि २०१९ च्या दिवाळीत ते पत्र्याची पेटी घेऊन घरी आले. त्यांच्यावर कोणी रागावलं नव्हतं, त्यांच्या हातून जॉब बिघडला नव्हता. वरून ऑर्डर नव्हती, इतकंच. एका ट्रकमागे स्प्रिंगचे पाटे, फोर्जिंग, रबर, वायरिंग, काच, बॉडी बांधणारे सुतार-वेल्डर अशी केवढी माणसं उभी असतात! पिंपरी, भोसरी, चाकण हा सगळा पट्टा त्यावर जगतो. शिवाय मुंढव्याच्या भारत फोर्जसारख्या कारखान्यातून क्रँकशाफ्ट आणि ॲक्सल बीम परदेशातही जातात, त्यामुळे अमेरिकेत ट्रक खपले नाहीत तर त्याचा धक्का पुण्यापर्यंत पोचतो.

तात्यांचा टेंपो २०२१ मध्ये ओढून नेला. लॉकडाऊनमध्ये हप्त्यांना काही महिने सवलत होती, पण व्याज थांबलं नव्हतं. सकाळी दोन माणसं आली, कागद दाखवला आणि गाडी चालू केली. तात्या ओट्यावर बसून होते. त्यांच्या मुलीनं फक्त आतला गणपती आणि टॉवेल काढून घेतला. अण्णा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमची ४०७ कुठून आली होती.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. २०२२-२३ पासून बाजारही सावरून साडेनऊ लाखांच्या वर टिकलेला होता. आमची गाडी अठरा वर्षांची. दरवर्षी पासिंगची कटकट, पर्यावरण कर, शिवाय घाटात धाप. दिवाळीला घरी गेलो तर अण्णांनी शोरूमचं कोटेशन पुढं ठेवलं आणि म्हणाले, "तू इंजिनिअर ना? सांग, घेऊ का?"

मी खूश! चार सेमिस्टरमध्ये मला इतकं महत्त्वाचं कोणी काही विचारलं नव्हतं. लॅपटॉप काढला आणि एक्सेल शीट मांडली. आधी स्वतःचीच एक चूक काढली. २८ चे १८ झाले म्हणजे गाडी १० टक्क्यांनी स्वस्त, असं मी सांगत सुटलो होतो. पण १२८ चे ११८ झाले, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. मग नऊ लाखांचं कर्ज, चार वर्षं, हप्ता तेवीस हजार. महिन्याला २२ खेपा, डिझेल, टोल, हमाली जाऊन खेपेला अडीच हजार. वर्षाचे ६ लाख ६० हजार. त्यातून हप्ते २ लाख ७६ हजार आणि विमा-टायरचे ६० हजार वजा. हातात ३ लाख २४ हजार! हिरव्या रंगात सेल रंगवला आणि म्हणालो, "घ्या अण्णा. डोळे झाकून घ्या."

अण्णांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "आरं, यात टोमॅटो कुठंय?"

मला कळेना. त्यांनी आतून वही आणली. पंधरा वर्षं ते प्रत्येक खेप लिहितात. मागच्या वर्षी जुलैत २४ खेपा होत्या, फेब्रुवारीत ६. सगळ्या वर्षाच्या मिळून १५८. "भाव पडला की शेतकरी माल तोडीत नाही, जनावरांना घालतो. मग मी काय भरू? २०२३ च्या जुलैत टोमॅटोनं लोक लखपती झाले, दोन महिन्यांत तोच टोमॅटो रस्त्यावर. हप्ता मात्र बारा महिने सारखाच." मी १५८ टाकून शीट पुन्हा चालवली. ३ लाख ९५ हजारांतून हप्ते आणि खर्च गेला की वर्षाला उरतात ५९ हजार. माझी फी आणि हॉस्टेलसुद्धा त्यात बसत नाही.

हिरवा सेल मी गुपचूप पांढरा केला.

"आणि बिघडली तर?" त्यांनी पुढं विचारलं. "आपल्या गाडीचा पंप आळेफाट्याचा मिस्त्री डोळे मिटून खोलतो. नवीला म्हणं लॅपटॉप लावावा लागतो." मी उत्सर्जन, सेन्सर, नव्या इंजिनचं मायलेज असं बरंच समजावलं. नवी गाडी चांगली आहे, धूर कमी आहे, हे खरंच आहे. मोठ्या ट्रकना तर २०२५ पासून एसी केबिनही सक्तीची झाली, उन्हात चाळीस टन ओढणाऱ्या ड्रायव्हरला ती कधीच मिळायला हवी होती. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "चांगली हाय, मी कुठं नाय म्हणतो? पण तुझं शेवटचं वर्ष होऊ दे. तोवर ही ओढंल." दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन खोलायला टाकलं.

मित्रांनो, आपल्यातले बरेच जण उद्या चाकण-पिंपरीत जातील. मागच्या सेमिस्टरला इंडस्ट्रियल व्हिजिटला आपण असेंब्ली लाईन पाहिली. उलटी ठेवलेली चासी पुढं जाता जाता सुलटी होते, चाकं लागतात, शेवटी कोणीतरी किल्ली फिरवतो आणि ट्रक स्वतःच्या पायांनी बाहेर पडतो. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी मी मात्र विचार करत होतो, हा कोणाकडे जाणार? त्याच्या वहीत फेब्रुवारीच्या किती खेपा असतील? कंपन्या मोठी पावलं टाकत आहेत. टाटांनी २०२५ मध्ये व्यापारी वाहनांची कंपनी वेगळी काढली, इटलीची इव्हेको घेण्याचा करार जाहीर केला. अभिमान वाटतोच. पण दर तेजीत आपण माझ्यासारखीच शीट करतो. बारा महिने सारखे धरतो, आणि मग मंदी आली की ती आभाळातून पडल्यासारखे बघत बसतो.

सुट्टी संपवून निघताना मी आईच्या दुकानात बसलो होतो. पार्किंगमध्ये हार घातलेल्या तीन नव्या गाड्या होत्या. एकीचा मालक शिडीवर चढून काचेवर स्टिकर लावत होता, खाली त्याची छोटी मुलगी "सरळ लावा पप्पा, सरळ" असं ओरडत होती. आईनं त्यांना नारळ दिला. मी गणपतीकडे पाहून हात जोडले आणि म्हटलं, देवा, हिचं नाव हिच्याच गाडीवर राहू दे.