रक्कम म्हणजे रक्कम

‘रक्कम : व्यवहाराची रक्कम.’ इंग्रजीत लिहिलेली माझी ही ओळ आमच्या पेमेंट एपीआयच्या डॉक्युमेंटेशनमध्ये अकरा दिवस सुखाने नांदली. बाराव्या दिवशी एका ग्राहक कंपनीच्या प्रोग्रामरचा फोन आला. त्यांनी पाचशे रुपयांची वस्तू विकली होती आणि जमा झाले होते पाच रुपये.

चूक त्याची नव्हती. आमचा एपीआय रक्कम पैशांत घ्यायचा. म्हणजे ₹५०० हवे असतील तर ५०००० पाठवायचे. पेमेंटच्या धंद्यात ही रीत जुनीच आहे. बहुतेक दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमके बसत नाहीत, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगितली, तर बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांत उत्तराच्या शेपटाला, दशांश चिन्हानंतर सतराव्या जागी, एक ४ चिकटलेला दिसतो. पैशाच्या हिशेबात असलं शेपूट नको, म्हणून सगळं पूर्णांकात. हे मला ठाऊक होतं. फक्त मी ते लिहिलं नव्हतं.

या नोकरीत येण्याआधी मी सहा वर्षं बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवत होते. उत्तराला एकक लिहिलं नाही की अर्धा मार्क कापायचे. कुणाचीही गय नाही.

ओळ दुरुस्त करायला बसले तेव्हा शेजारचा डेव्हलपर म्हणाला, “अगं, पैशांत असते हे कुणालाही कळतं की. नुसतं ‘पैशांत’ असं टाक.” पण आमच्याकडे परदेशी चलनंही चालत होती. येनपेक्षा लहान नाणं व्यवहारात नाही, म्हणून ५०० येन म्हणजे ५००च. कुवेती दिनारचे मात्र १००० फिल्स होतात, तिथे तीन शून्यं. “दिनारचं आपण काय करतो?” मी विचारलं. त्याने कोड उघडला, वर-खाली केला आणि गप्प झाला. दिनारलाही आम्ही शंभरानेच भागत होतो. कुवेतचं गिऱ्हाईक अजून कुणी आलं नव्हतं, एवढंच आमचं नशीब.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, प्रोग्रामर सांगतो आणि लेखक ते नीट भाषेत उतरवतो. खरा वेळ जातो तो करून बघण्यात. पानावरचं प्रत्येक उदाहरण टर्मिनलमध्ये चालवायचं, मग मुद्दाम बिघडवायचं: एपीआयची ‘की’ चुकीची द्यायची, रक्कम उणे टाकायची, तारीख गाळायची. मग कळतं की ४०१ आणि ४०३ या दोन एररना आपण एकच वाक्य चिकटवलंय. ४०१ म्हणजे सोसायटीचा वॉचमन विचारतोय, तुम्ही कोण? ४०३ म्हणजे तो तुम्हाला ओळखतो, पण गच्चीची किल्ली देणार नाही. वाचणारा प्रोग्रामर रात्री दोन वाजता वैतागून या पानावर येतो, तेव्हा त्याला नेमकं हेच हवं असतं.

शब्दांचंही तसंच. इंटरनेटच्या मानकांसाठी स्कॉट ब्रॅडनर यांनी मार्च १९९७मध्ये ‘आरएफसी २११९’ लिहिलं. ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ यांचा अर्थ त्यात पक्का केलाय. मराठीत ‘पाठवावी’ आणि ‘पाठवावीच’ यांतला फरक एक ‘च’ करून टाकतो. आमच्याकडे ‘विनंती पुन्हा पाठवताना तीच की, म्हणजे त्या विनंतीची ओळखखूण, पाठवावी’ या अर्थाचं वाक्य होतं. न पाठवल्यास काय होतं, असं विचारलं तर उत्तर आलं, “गिऱ्हाइकाचे दोनदा पैसे कापले जातील.” त्या दिवशी ‘शुड’चं ‘मस्ट’ झालं.

दिनारची दुरुस्ती पुढच्या रिलीजवर ढकलली गेली. तोवर काय? मी ‘माहीत असलेले दोष’ असा मथळा देऊन ही चूक सरळ लिहून टाकली. विक्री विभाग खवळला. गिऱ्हाइकाला आपणच आपले दोष दाखवायचे? मी त्यांना युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलबद्दल सांगितलं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचं ते मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१चं. त्यातल्या पानांच्या साच्यात नाव, वापर, वर्णन यांच्याबरोबर ‘बग्ज’ असा एक रकानाच आहे. शिवाय ‘ओनर’ म्हणून हा प्रोग्राम कुणाचा, तेही लिहिलेलं. स्वतःच्या मालाचे दोष मालकाच्या नावासकट छापायचे, हा मला आमच्या व्यवसायातला सगळ्यात सभ्य रिवाज वाटतो.

विक्री विभागावर १९७१चा काही परिणाम झाला नाही. तासभर वाद घालून मथळा ‘मर्यादा’ असा ठरला. मजकुराला मात्र मी हात लावू दिला नाही. दिनारची ओळ त्या मथळ्याखाली सगळ्यात वर राहिली. नवीन रिलीज आलं, मी पाच दिनारसाठी ५००० पाठवून पाहिले, पावतीवर पाचच दिनार आले. मग ती ओळ खोडली.