न केलेले गुणाकार

चार अँटेनांवरून चार प्रवाह एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर निघतात आणि रिसीव्हरच्या प्रत्येक अँटेनाला त्या चौघांची सरमिसळ ऐकू येते. ती सोडवणाऱ्या डिटेक्टरची आकडेमोड कमी करणे हे माझे काम. सर्वांत अचूक रीत सांगायला सोपी आहे: संभाव्य जुळणी एकूण एक ताडून पाहायची आणि आलेल्या संकेताला सर्वांत जवळची उचलायची. ६४-क्वाममध्ये, म्हणजे प्रत्येक प्रवाहात ६४ पर्यायी चिन्हे असताना, चार प्रवाहांच्या अशा १,६७,७७,२१६ जुळण्या होतात. ५जीचा १०० मेगाहर्ट्झचा पट्टा पूर्ण भरला असेल, तर हे कोडे दर अर्ध्या मिलिसेकंदाला पंचेचाळीस हजारांहून अधिक वेळा समोर येते. फोनच्या बॅटरीवर हे शक्यच नाही.

वाट निघाली ती गणितातून. जाळीतला सर्वांत लहान सदिश शोधण्यासाठी मायकेल पोस्ट यांनी १९८१ मध्ये मांडलेली कल्पना एमान्युएले व्हिटेर्बो आणि जोसेफ बुत्रोस यांनी १९९९ मध्ये रेडिओच्या कामाला जुंपली. क्यूआर विघटनाने चॅनेलचे, म्हणजे ती सरमिसळ कशी होते ते सांगणारे, मॅट्रिक्स त्रिकोणी करायचे. मग शेवटच्या ओळीत एकच अज्ञात उरतो, त्याच्या वरच्या ओळीत दोन. खालून वर चढत जायचे. प्रत्येक पायरीवर अंतराचा वर्ग मिळवला जातो, आणि वर्ग कधी ऋण नसतो. म्हणून बेरीज एकदा मर्यादेबाहेर, म्हणजे आतापर्यंतच्या सर्वांत जवळच्या जुळणीच्या पलीकडे, गेली की त्या फांदीवरच्या हजारो जुळण्या न बघता सोडता येतात. अचूकता तसूभरही कमी होत नाही! या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

पण ही बचत चॅनेलच्या मर्जीवर असते. दोन अँटेना जवळजवळ एकच ऐकू लागल्या की फांद्या छाटल्याच जात नाहीत, शोध फुगतो, आणि चिपला तर ठरल्या वेळेत उत्तर द्यायचे असते. सरासरीचा तिथे काही उपयोग नाही. म्हणून आम्ही के-बेस्ट वापरतो: प्रत्येक पायरीवर ठरावीक संख्येइतक्याच फांद्या ठेवायच्या. अचूकतेची हमी जाते, खर्च मात्र बांधला जातो. माझ्या मते हा सौदा योग्य आहे, कारण पुढे चुका दुरुस्त करणारा एलडीपीसी डिकोडर बसलेला असतो.

टॉवरवर ६४ अँटेना आणि मोजकेच फोन असले की काम हलके होते. फोनांचे चॅनेल एकमेकांना जवळपास लंब येतात आणि साधी रेषीय रीतही पुरते. मॅट्रिक्सचा व्यस्त काढण्याऐवजी न्यूमन श्रेणीची दोन पदे घेतली तरी भागते. तिसरे पद घेतले की खर्च घनाच्या पटीत जातो, मग सरळ चोलेस्की विघटनच बरे. मात्र दोन फोन शेजारी-शेजारी असले की हीच श्रेणी डळमळते.

म्हणून कुणी नवा, स्वस्त डिटेक्टर दाखवायला आले की मी सरासरीचे आलेख बाजूला ठेवतो आणि मॅट्रिक्सचे दोन स्तंभ जवळजवळ सारखे असलेला चॅनेल त्यात घालायला सांगतो.