भिंगामागचे पाणी

मराठीतला ‘चष्मा’ हा शब्द फारसीतून आला. फारसीत ‘चश्म’ म्हणजे डोळा आणि ‘चश्मा’ म्हणजे झरा. अरबीतला ‘ऐन’ हा शब्दही डोळा आणि झरा असे दोन्ही अर्थ वाहतो, आणि हिंदी-उर्दूतली ‘ऐनक’ त्याच ‘ऐन’शी नाते सांगते. नाकावर ठेवायच्या काचांना मराठीने झऱ्याचे नाव दिले खरे, पण त्या काचांत पाण्याचा थेंबही नव्हता. शेजारच्या कानडीत चष्म्याला ‘कन्नडक’ म्हणतात आणि आरशाला ‘कन्नडी’. नवख्या मराठी कानाला भाषा, आरसा आणि चष्मा ही तिन्ही एकाच घरातली भावंडे वाटतात. मात्र झऱ्याचा अर्थ अक्षरशः खरा करणारे एक भिंग आज आहे. त्याला नेत्रवैद्यकात स्क्लेरल लेन्स म्हणतात. ते बुबुळावर टेकत नाही, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, म्हणजे श्वेतपटलावर, टेकते. आणि त्याच्या मागे, पारपटलाच्या पुढे, दिवसभर पाण्याचे एक इवलेसे तळे राहते.

या भिंगाची गरज कोणाला पडते हे समजण्यासाठी यशवंतपूरसारखी जागा चांगली. बंगळूरच्या वायव्येचे हे उपनगर. हुबळी, बेळगाव, मिरजेकडून तुमकूरमार्गे येणाऱ्या गाड्या मुख्य स्थानकात शिरण्याआधी येथे थांबतात, आणि स्थानकाचे नावच ओळखीचे असल्याने मराठी प्रवाशाला क्षणभर परमुलखाचा विसर पडतो. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे त्यातल्या एखाद्याला आठवतही असेल. जवळच १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. तिच्या झाडीतली शांतता आणि बाजार समितीच्या आवारातला कल्लोळ यांत फारसे अंतर नाही. या आवारात महाराष्ट्रातला कांदा वर्षानुवर्षे येत आला आहे. कांद्याने डोळ्यांतून पाणी काढावे आणि त्याच डोळ्यांना कोरडेपणाचा विकार असावा, ही विसंगती वाटते. परंतु ती खरी आहे. कांद्याने येणारे अश्रू हे प्रतिक्षेपाचे, क्षणाच्या चिथावणीचे. दुःखाचे अश्रू आणखी निराळे. डोळ्याला जगवणारे पाणी या दोहोंपेक्षा वेगळे असते. ते दिसत नाही, गालावर ओघळत नाही. प्रत्येक पापणीमिटीबरोबर ते पारपटलावर पातळ थराने पसरते, आणि वरच्या तेलकट आवरणामुळे चटकन उडून जात नाही. ही व्यवस्था बिघडली की डोळा कोरडा पडतो, खुपतो, आणि त्या खुपण्यानेच प्रतिक्षेपाचे पाणी वाहू लागते. डोळे भरून आलेला माणूस कोरड्या डोळ्यांचा रुग्ण असू शकतो, हे घरच्यांना पटवणे कठीण जाते. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात ‘शुष्काक्षिपाक’ नावाचा नेत्ररोग स्वतंत्रपणे सांगितला आहे. तेव्हा या दुःखाला नाव तरी फार पूर्वीच मिळाले होते.

दुसरा विकार आकाराचा. निरोगी पारपटल घुमटासारखे एकसारखे वळलेले असते. काहींचे पारपटल, बहुधा ऐन तारुण्यात, पातळ होत जाते आणि मध्याच्या खाली शंकूसारखे पुढे येते. डोळे सतत चोळण्याच्या सवयीचा या विकाराशी संबंध दिसतो. नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तिशीपुढच्या ४,६६७ ग्रामस्थांचे डोळे तपासले गेले. त्यात २.३ टक्के लोकांत हा विकार धरावा लागला. पारपटलाच्या वक्रतेची अट कडक केली की हा आकडा झपाट्याने खाली येतो, हेही त्याच पाहणीत नोंदले आहे. तरीसुद्धा हा विकार केवळ शहरी किंवा क्वचित आढळणारा आहे असे म्हणता येत नाही.

अशा डोळ्याने पाहणे म्हणजे केवळ अंधुक पाहणे नव्हे. अंधुकपणावर साधा चष्मा इलाज करतो. येथे एका दिव्याचे चार दिवे होतात, प्रत्येक अक्षराला त्याची फिकट सावली चिकटते. देवनागरी वाचणाऱ्याला याचा जाच विशेष. आमची लिपी अर्थाचा मोठा भाग शिरोरेघेच्या वर टांगते: मात्रा, अनुस्वार, रफार. ‘देव’ आणि ‘दैव’ यांत छापील पानावर एका मात्रेचेच अंतर. आणि विकृत पारपटल त्या एका मात्रेच्या दोन मात्रा करून दाखवते. जुन्या शिळाप्रेसच्या पोथीवर काम करणारा एखादा संशोधक विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. त्याला पाठभेद शोधायचा आहे, पण हा भेद पोथीतला की आपल्या डोळ्यातला, याची खात्री त्याला देता येत नाही. ज्याचे सारे शास्त्र ‘पुन्हा पाहा’ या एका आज्ञेवर उभे आहे, त्याला पुन्हा पाहूनही तेच दुहेरी अक्षर दिसते. पहिली शंका तो स्वतःच्या अभ्यासावर घेतो. डोळ्यांवर शंका येते ती फार उशिरा.

स्क्लेरल भिंग येथे जे करते ते मुळात सोपे आहे. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना वळतो, आणि किती वळतो हे दोन माध्यमांच्या वक्रीभवनांकांतील फरकावर अवलंबून असते. हवेचा अंक १, पारपटलाचा सुमारे १.३७६, अश्रूंचा सुमारे १.३३६. हवा थेट पारपटलाला भिडते तेव्हा फरक ०.३७६ चा, म्हणून तिथला प्रत्येक उंचवटा प्रतिमेत उमटतो. त्याच पारपटलापुढे पाणी आले की फरक ०.०४ उरतो, म्हणजे पुढच्या पृष्ठभागाचा दोष जवळजवळ नवव्या हिश्शावर येतो. खाचखळग्यांची जमीन पावसाने भरली की वरून सपाट दिसते, तसे हे. भिंगाची गुळगुळीत काया त्या पाण्याला धरून ठेवते आणि डोळ्याला एक नवा, निर्दोष पुढचा पृष्ठभाग मिळतो. पारपटलाच्या मागच्या बाजूचा दोष थोडाफार राहतोच. पारपटलाचा व्यास ११ ते १२ मिलिमीटर. हे भिंग बहुधा १५ ते २० मिलिमीटरांचे, म्हणजे एक घुमट दुसऱ्या घुमटावर, मध्ये मिलिमीटरच्या सुमारे पाव हिश्शाचे पाणी. कोरड्या डोळ्याला तेच पाणी औषध ठरते: पापणीची घासट थांबते, उघडी पडलेली त्वचा ओलाव्यात राहते. एखाद्या औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने, स्टीव्हन्स-जॉन्सन विकाराने, ज्यांच्या डोळ्यांचा पृष्ठभागच होरपळतो, त्यांच्या बाबतीत तर दृष्टीच्या आधी वेदना कमी होते.

विशेष हे की ही कल्पना नवी नाही. सर्वांत जुनी हीच आहे. इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल याने १८२७ मध्ये प्रकाशावर लिहिलेल्या प्रबंधात, वेड्यावाकड्या पारपटलापुढे काचेच्या कुपीत पारदर्शक जेली धरून दोष झाकता येईल, असे सुचवले. १८८८ मध्ये झुरिकच्या आडोल्फ फिक याने काचेची अशी भिंगे प्रत्यक्ष वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये अझेन काल्ट शंक्वाकार पारपटलावर तोच प्रयोग करीत होता. फिकने आपल्या साधनाला जे जर्मन नाव दिले त्याचा अर्थ ‘स्पर्शचष्मा’. तेथूनच ‘कॉन्टॅक्ट’ हा शब्द रूढ झाला. ज्या वस्तूचे वैशिष्ट्य दुखऱ्या भागाला स्पर्श न करणे हे, तिच्याच वंशाला स्पर्शाचे नाव मिळाले. कील येथे आउगुस्ट म्युलर याने १८८९ मध्ये पदवीचा प्रबंध याच विषयावर लिहिला. तो स्वतः १४ डायॉप्टरांचा निकटदृष्टी होता. कोकेनने डोळा बधिर करूनही त्याला भिंग अर्ध्या तासाच्या आसपासच सोसवे. पुढे त्याने नेत्रविद्या सोडली आणि तो अस्थिवैद्य झाला.

अडचण काचेत होती. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. ते आपला प्राणवायू मुख्यतः हवेतून घेते, आणि काच हवा अडवते. १९४८ मध्ये केविन टूही याने अमेरिकेत प्लास्टिकचे छोटे, पारपटलापुरतेच भिंग काढले. मग प्रागच्या ओटो विख्टेर्ले याचे मऊ भिंग आले. मोठे भिंग अडगळीत पडले. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील डोनाल्ड इझिकिएल याने प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या द्रव्याचे मोठे भिंग मांडले आणि टाकून दिलेला आकार परत आला. आकारात दोष कधीच नव्हता. त्याला साजेसे द्रव्य मिळायला शंभर वर्षे जावी लागली. साहित्यप्रकारांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला हे अपरिचित वाटू नये.

ते वापरणाऱ्याचा दिवस मात्र इतिहासाइतका सुटसुटीत नसतो. सकाळी हात धुऊन, कोरडे करून, रबराच्या छोट्या दांडीवर भिंग वाटीसारखे धरायचे. त्यात परिरक्षक नसलेले निर्जंतुक सलाइन काठोकाठ भरायचे. मान खाली घालून, डोळा जमिनीकडे करून, ती वाटी डोळ्याला लावायची. बुडबुडा राहिला की सारे पुन्हा. नळाचे पाणी सर्वस्वी वर्ज्य, कारण त्यातला एखादा अमीबा पारपटलात शिरला तर दृष्टी जाऊ शकते. काही तासांनी मागचे पाणी अनेकांच्या बाबतीत गढूळ होते. मग भिंग काढून, धुऊन, पुन्हा भरायचे. रात्री ते डोळ्यांत ठेवायचे नसते. प्रत्येक डोळ्याचे श्वेतपटल निराळे, त्यामुळे काठ नीट बसेपर्यंत तपासणीच्या फेऱ्या होतात. खर्चही सामान्य भिंगाच्या कैक पट. एका शिष्यवृत्तीत तो सहज बसत नाही.

यशवंतपूरला लागूनच राजाजीनगर आहे. तेथे डॉ. भुजंग शेट्टी यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेले नारायण नेत्रालय आहे. कानडी अभिनेते डॉ. राजकुमार यांचे १२ एप्रिल २००६ रोजी निधन झाले तेव्हा त्यांचे डोळे दान केले गेले. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांचे पुत्र पुनीत गेले तेव्हा त्यांचेही. पुनीत यांच्या दोन पारपटलांचे थर या रुग्णालयात अलग करून चौघांना दिले गेले. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाची मोठी लाट आली. तरी पारपटल मिळणे ही आजही वाट पाहण्याची गोष्ट आहे. शंक्वाकार पारपटलाच्या ज्या रुग्णाला स्क्लेरल भिंगाने दिसते, त्याचे रोपण पुष्कळदा टळते किंवा लांबते, आणि ते दान दुसऱ्या कोणाला पोचते. उलट रोपण झालेले पारपटलही कित्येकदा वेडेवाकडे बसते, आणि त्यावरही शेवटी हेच भिंग लावावे लागते.

भिंग विकार बरा करीत नाही, हे स्पष्टच म्हणायला हवे. शंकू वाढत असेल तर तो थांबवण्यासाठी रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांचा उपचार निराळा करावा लागतो. भिंगाखाली पारपटल जसे होते तसेच राहते. त्याला कोणी सरळ करीत नाही, नुसते पाण्याने जपते. उपकाराची ही एक दुर्मीळ तऱ्हा होय: दुखऱ्या जागेला हात न लावता तिच्या शेजारी टेकायचे आणि मधल्या अंतरात ओलावा धरून ठेवायचा. त्या बदल्यात मिळतात ते दिवसाचे मोजके तास. पोथी वाचणाऱ्या विद्यार्थ्याला मग तास मोजण्याची सवय लागते. कठीण पाने तो सकाळी घेतो, कारण दुपारी पाणी गढूळ होईल. आणि त्या तासांत ‘देव’ आणि ‘दैव’ पुन्हा दोन शब्द होतात.